जपानप्रेमी वधूवरांस आहेर कोणता द्यावा?

पास्काचा सण उलटला की आमच्या खेड्यापाड्यांतून लग्नसराई सुरू होते. उपवासकाळात थांबलेली लग्ने एकामागून एक ठरतात, वेदीवरून वधूवरांची नावे वाचली जातात, आणि घरोघरी आहेराची चिंता सुरू होते. आहेर ही वस्तुतः आनंदाची गोष्ट. आपल्या माणसाच्या नव्या संसारास आपला हात लागावा, ही त्यामागील भावना. परंतु याच आहेरापायी कित्येक कुटुंबे कर्ज काढतात, आणि कित्येक गरीब नातलग 'रिकाम्या हाताने कसे जावे' म्हणून लग्नासच जात नाहीत, हेही आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून आहेर हा विषय वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

यंदा आमच्यापुढे या विषयातील एक नवीनच प्रश्न उभा राहिला. आमच्या सीमाभागातील एका गावचा मुलगा आणि शेजारच्या गावची मुलगी, दोघेही पुण्यास जपानी भाषेच्या वर्गात एकमेकांस भेटली. मुलगी पुढे दोन वर्षे नोकरीनिमित्त जपानात राहून आली. दोघांनाही त्या देशाची विलक्षण ओढ. घरात चटईवर बसून चहा पिणे, कागदाचे पक्षी करणे, जपानी अक्षरे कुंच्याने गिरविणे, हे त्यांचे छंद. लग्न ठरले, आणि दोन्ही घरच्या काकामामांत एकच चर्चा सुरू झाली: या पोरांना भांडीकुंडी देऊन काय उपयोग? त्यांना जपानी वस्तूच आवडणार. मग ती आणावी कोठून, आणि निवडावी कशी?

एकाने शहरातील जत्रेतून शोभेची तलवार आणली. दुसऱ्याने पोट सुटलेल्या हसऱ्या बुद्धाची मूर्ती घेतली. तिसऱ्या एका काकांनी परदेशी बनावटीच्या चिनीमातीच्या भांड्यांचा संच पाहून ठेवला. त्याची किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या मिळकतीइतकी, आणि त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढण्याचा त्यांचा विचार पक्का होत आला होता. त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, तुम्ही पुस्तकं वाचता. जपानात लग्नाला काय देतात, ते एकदा आमच्या ह्यांना सांगा बघू." त्या निमित्ताने आम्ही जे जमविले आणि त्या मंडळींस जे सांगितले, ते येथे देत आहोत, कारण आता आमची मुले देशोदेशी जातात, आणि असा प्रश्न उद्या कोणत्याही घरी उपस्थित होईल.

पहिली गोष्ट ही की, जपानात लग्नास आलेला पाहुणा बहुधा वस्तू आणीतच नाही. तो पैसे आणतो. ऐकून आमच्या मंडळींस नवल वाटले, आणि थोडे हायसेही वाटले. आपल्याकडे पाकिटात एकशे एक किंवा पाचशे एक रुपये घालतात, तसाच हा प्रकार. आपण वरचा एक रुपया घालतो तो रक्कम सम राहू नये म्हणून. जपानी माणसाचा विचारही याच वाटेने जातो. तेथे मित्राने द्यावयाची रक्कम साधारणतः तीस हजार येन, म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा. तीन नोटांची दोघांत सारखी वाटणी होत नाही. जोडपे विभागले जाऊ नये हा त्यातील संकेत. चार आणि नऊ हे आकडे मात्र कटाक्षाने टाळतात. चार या आकड्याचा 'शी' हा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आणि नऊचा 'कू' हा उच्चार दुःखाच्या शब्दासारखा आहे. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. जुनी चुरगळलेली नोट घातली तर घाईगर्दीत खिशातून काढून दिली असे दिसते. कोरी नोट म्हणजे 'मी तुमच्या लग्नाची वाट पाहून आधीपासून तयारी केली' असे न बोलता सांगणे.

परंतु खरी गंमत पैशांत नाही, ती पाकिटात आहे. जाड पांढऱ्या कागदाचे हे पाकीट घडी घालून केलेले असते, आणि त्यावर कागद पिळून केलेल्या दोऱ्यांची गाठ असते. या दोऱ्यांस 'मिझुहिकी' म्हणतात. नागानो प्रांतातील ईदा हे शहर त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. मूल जन्मले, शाळेत गेले, अशा प्रसंगी फुलासारखी सुटी गाठ मारतात, कारण असे आनंद पुनःपुन्हा यावेत. लग्नाच्या पाकिटावर मात्र अशी गाठ चालत नाही. तेथे एकदा बसली की ओढून सुटत नाही, अशीच गाठ हवी. लग्न एकदाच व्हावे आणि टिकावे, हा त्याचा अर्थ. विवाह हा आजन्म बंध मानणाऱ्या आपल्या लोकांस याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागले नाही. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी कागदी घडी दिसते, तिचे नाव 'नोशी'. पूर्वी तेथे समुद्रातील एका मौल्यवान शिंपल्याच्या मांसाची ताणून वाळविलेली पट्टी ठेवीत. आज बहुधा तिची कागदी खूणच उरली आहे. असे पाकीट खिशात कोंबून नेत नाहीत. लहानशा रेशमी रुमालात गुंडाळून नेतात आणि दोन्ही हातांनी देतात.

देताना बोलण्याची तऱ्हा पाहावी तर तीही ओळखीची. एरवी कोणाच्या घरी भेटवस्तू नेली की जपानी माणूस म्हणतो, 'ही तशी क्षुल्लकच वस्तू आहे.' आपल्याकडे 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. घेणाराही ती वस्तू देणाऱ्यासमोर लगेच फोडून पाहत नाही. लग्नातील भाषणांत 'तोडणे', 'वेगळे होणे', 'पुन्हा पुन्हा' असे शब्द येऊ देत नाहीत. वस्तूंच्या बाबतीतही तोच विचार आहे. सुरी संबंध कापते, आरसा फुटतो, फणीच्या 'कुशी' या नावात दुःख आणि मृत्यू या दोघांचे उच्चार येतात. म्हणून या वस्तू जुन्या वळणाची माणसे टाळतात. चहाची पुडीही लग्नात द्यावयास कचरतात, कारण अंत्यविधीस आलेल्यांस परतभेट म्हणून चहा देण्याची तेथे चाल आहे. अशा समजुतींवर आपण श्रद्धा ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्या श्रद्धेत अपशकुनास जागा नाही. तथापि ज्यांना देणे आहे त्यांच्या आवडत्या देशात कोणत्या वस्तूचा काय अर्थ होतो, हे माहीत असणे हा शिष्टाचार आहे.

आता वर सांगितलेल्या तीन वस्तूंविषयी. तलवार ही कापणाऱ्या वस्तूंची राणीच. जत्रेतील पत्र्याच्या तलवारीत जपानी लोहाराची कला नसते, आणि नव्या संसारात तिचे कामही नसते. हसरा बुद्ध म्हणून दुकानातून जी मूर्ती मिळते, ती गौतम बुद्धाची नव्हेच. ती बुदाई नावाच्या एका चिनी भिक्षूची. जपानात त्याला 'होतेई' म्हणतात आणि सात भाग्यदेवतांत गणतात. येथे आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली. दुसऱ्या धर्माच्या पूजनीय वस्तू शोभेची चीज म्हणून दिवाणखान्यात मांडण्यास आणू नयेत. आपल्या मिस्सेतील प्याल्यात कोणी फुले खोचून ठेवली तर आपल्यास कसे वाटेल? जो आदर आपण आपल्यासाठी मागतो, तो दुसऱ्यास द्यावा.

जपान आवडतो म्हणून बोन्साय द्यावे, असेही एकाच्या मनात आले. बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत वाढविलेले खरेखुरे झाड. त्याला ऊन लागते, वारा लागतो, उन्हाळ्यात रोज पाणी लागते. नवी जोडपी आज येथे तर उद्या तेथे. कपाटावर ठेवलेले ते झाड काही आठवड्यांत वाळून जाते. ज्यांस झाडांची सवय आहे त्यांनाच ते द्यावे.

आणखी एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दुरून जपान आवडणाऱ्यांस ज्या वस्तू फार आवडतात, त्या सर्वच जपानी माणूस लग्नात देईल असे नाही. फुटलेल्या भांड्याचे तुकडे झाडाच्या चिकाने सांधून त्या सांध्यांवर सोन्याची पूड बसविण्याची 'किंत्सुगी' ही कला आज जगभर नावाजली आहे. फुटले ते लपवू नये, जोडले त्याचा मान ठेवावा, हा तिचा बोध सुंदर आहे. परंतु लग्नाच्या दिवशी फुटलेले भांडे जपानी घरी कोणी नेणार नाही. तो बोध संसाराची काही वर्षे गेल्यावर कळतो. तेव्हा एखाद्या लग्नाच्या वाढदिवसास अशी वाटी द्यावी, ती अधिक शोभेल.

जपानास भेटवस्तू पाठविण्याचा आमच्या या किनाऱ्याचा इतिहास जुना आहे, हेही त्या मंडळींस सांगावेसे वाटले. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी कागोशिमास उतरले. त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. पुढे झेवियर साध्या फाटक्या वेशात राजधानी क्योतोस गेले, तेव्हा सम्राटाची भेट घडली नाही. मग १५५१ साली यामागुची येथील ओउची योशिताका या सरदारापुढे ते नीटनेटक्या पोशाखात गेले. गोव्याच्या राज्यपालांची पत्रे आणि सम्राटासाठी आणलेल्या घड्याळ, चष्मा अशा वस्तू त्यांनी त्याला अर्पण केल्या. सरदाराने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. तो प्रसन्न झाला आणि मोबदल्यात सोनेचांदी देऊ लागला. झेवियरांनी ती घेतली नाही. केवळ शुभवर्तमान सांगण्याची परवानगी मागितली, आणि राहावयास एक रिकामा मठ त्यांस मिळाला. या प्रसंगात आहेराचे दोन धडे आहेत. समोरच्याच्या रीतीचा मान ठेवून द्यावे, आणि दिल्यावर परतफेडीवर डोळा ठेवू नये.

चाळीस वर्षांनी, १५९१ मध्ये, फादर वालिन्यानो हे गोव्याच्या व्हाइसरॉयचे वकील म्हणून हिदेयोशीच्या दरबारी गेले. त्यांनी नेलेल्या भेटींत अरबी घोडा आणि चिलखते होती. ती आज कोणाच्या ध्यानात नाहीत. परंतु चामड्यावर लिहिलेले व्हाइसरॉयचे १५८८ चे पत्र क्योतोतील म्योहोइन या मंदिरात जपून ठेवले आहे, आणि जपानने त्यास राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला आहे. घोडा मेला, पत्र राहिले! आहेराबरोबर आपल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी ठेवाव्यात, असे आम्ही सर्वांस सांगत असतो, त्यास याहून मोठा दाखला कोणता? आणि वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्याने जपानी भाषेवर प्रभुत्व मिळवून मिशनऱ्यांचा दुभाष्या म्हणून काम केले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण ठेवला, त्याचे एक लहानसे चित्र जपानप्रेमी ख्रिस्ती जोडप्याच्या घरी असावे, हे सांगणे नको.

मग द्यावे तरी काय? आम्ही सुचविलेल्या वस्तू महाग नाहीत, आणि बहुतेक पंचक्रोशीतच मिळतात.

जपानात पतिपत्नीसाठी भाताच्या वाट्यांची किंवा पेल्यांची जोडी असते, तिला 'मेओतो' म्हणजे दांपत्याची जोडी म्हणतात. जोडी ही दोन वस्तू नसून एक जोड मानली जाते, म्हणून तेथे समविषमाची अडचण येत नाही. जुन्या पद्धतीत पतीची वाटी मोठी आणि पत्नीची लहान असे. आता दोन्ही सारख्याच मापाच्या घेणारी जोडपीही पुष्कळ आहेत, आणि आमचे मत विचाराल तर तेच बरे. दोघेही दिवसभर सारखेच राबणार असतील तर वाटीने भेद का करावा? खानापूर भागाची माती कुंभारकामास नामांकित आहे. तेथील चांगल्या कुंभाराकडून दोन साधे, हातात नीट बसणारे पेले घडवून घ्यावेत. जपानी रसिकास चकाकी नको असते. मातीचा खरा रंग, हाताच्या बोटांची खूण त्याला प्रिय असते. विख्यात बिझेन भांड्यांवर तर चकाकीचा लेपच नसतो.

दुसरी वस्तू कापडाची. जपानात वस्तू चौकोनी कापडात गाठी मारून बांधतात. या कापडास 'फुरोशिकी' म्हणतात. आपले गाठोडेच ते! २००६ साली तेथील पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून या जुन्या कापडाचा मुद्दाम प्रचार केला होता. आपल्या भागातील खणाचे कापड चौकोनी शिवून, त्याच्या कडा दुमडून, त्यात आहेर बांधून दिला तर कागद वाया जात नाही आणि कापड वर्षानुवर्षे वापरात राहते.

तिसरी वस्तू पुस्तक. जपानी हायकू हा तीन ओळींचा काव्यप्रकार शिरीष पै यांनी मराठीत रुजविला. त्यांचा एखादा संग्रह, पहिल्या पानावर आपल्या हस्ताक्षरात आशीर्वाद लिहून, खुशाल द्यावा. मराठी आणि जपान ही दोन्ही प्रेमे त्यात एकत्र येतात.

आणि आता त्या लग्नातील ज्या आहेराने आम्हांस हा लेख लिहावयास लावले, त्याविषयी. मुलाची एक विधवा आत्या आहे. शेतमजुरीवर तिचे घर चालते. घरात सर्वजण जपानी वस्तूंच्या किमती बोलू लागल्यावर ती गप्प झाली. लग्नाच्या दिवशी आपल्यास बरे नाही असे सांगून घरीच राहावे, असे तिने मनाशी ठरविले होते. आम्ही घरभेटीस गेलो तेव्हा ती म्हणाली, "मी काय देणार हो फादर? माझ्याकडं जुनी लुगडी आणि सुईदोरा, एवढंच आहे बघा."

आम्ही म्हणालो, "आत्या, मग तेच द्या."

तिला ती थट्टा वाटली. तेव्हा आम्ही तिला सांगितले की जपानच्या उत्तर भागात थंडी कडाक्याची, तेथे कापूस पिकत नसे. गरीब शेतकऱ्यांच्या बायका तागासारख्या धाग्यांच्या जाड्याभरड्या कापडाचे थर एकावर एक ठेवून, निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने साधे धावते टाके घालीत. कापड टिकावे आणि ऊब राहावी एवढाच त्यांचा हेतू. एका प्रांतात तर शेतकऱ्यांस सुती वस्त्र वापरण्यास बंदी होती, पण सुताचा दोरा वापरता येई. त्या दोऱ्याने त्यांनी कापडाची भोके बुजविली आणि त्यातून नक्षी उमटली. या टाक्यांस 'साशिको' म्हणतात. आज त्या गरीब बायकांनी शिवलेल्या चिंध्या संग्रहालयांत मांडल्या आहेत. आणि तो टाका कोणता म्हणाल, तर आत्या वाकळ शिवताना घालते तोच!

तिने दीड महिना रात्री दिव्याखाली बसून वाकळ शिवली. तिच्या सासूचे एक लुगडे, मुलाच्या आजीचे एक, आणि मुलाने शाळेत असताना घातलेल्या निळ्या सदऱ्याचे तुकडे. लग्नानंतर आहेर उघडताना मुलीने ती वाकळ हातात घेतली, टाके बोटांनी चाचपून पाहिले, आणि काही वेळ ती बोललीच नाही. मग तिने आत्याला विचारले, "आत्या, मला हे शिकवाल का?" दोन वर्षे परदेशात राहून जी कला तिने काचेच्या पेटीत पाहिली होती, ती तिच्या सासरच्या पडवीत होती.

कर्ज काढू पाहणाऱ्या काकांनी पतपेढीचा अर्ज परत घेतला. त्यांच्या शाळकरी मुलीने पांढऱ्या कागदाचे पाकीट घडविले, लाल-पांढऱ्या दोऱ्याची न सुटणारी गाठ मारली, आणि काकांनी त्यात आपल्यास झेपेल एवढी रक्कम घातली. ते पाकीट त्या जोडप्याने अजून जपून ठेवले आहे.

वाचकहो, एखाद्याची आवड परदेशी आहे म्हणून त्याला परदेशी वस्तूच द्यावी लागते, असे नाही. त्याला त्या देशातील काय आवडते, ते विचारावे. जपान आवडणाऱ्या बहुतेकांस तेथील साधेपणा, हातकामाचा मान, वस्तू वाया न घालविण्याची सवय आणि देण्यातील अदब आवडते. या चारही गोष्टी आपल्या घरात आहेत, किंवा कालपरवापर्यंत होत्या. त्या बाजारातून विकत आणाव्या लागत नाहीत.

परतीच्या आहेराविषयी दोन शब्द. जपानातही पाहुण्यांस परतभेट देतात. आणि एरवीच्या मंगल प्रसंगी आलेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठविण्याचा रिवाज आहे. आपल्याकडेही आहेराची वही ठेवतात आणि कोणी किती दिले ते पाहून पुढच्या लग्नात तितके फेडतात. आठवण म्हणून वही ठेवावी. हिशेब म्हणून ठेवू नये. ज्याने वाकळ दिली त्याच्या नावापुढे रकमेचा रकाना रिकामा राहतो, आणि तो रिकामाच राहू द्यावा.

जपानी वाङ्निश्चयाच्या भेटींत एक साधी वस्तू असते: पांढऱ्या तागाच्या दोऱ्यांची जुडी. तिच्या नावाचा अर्थ 'दोघांचे केस बरोबरच पांढरे होवोत' असा आहे. ज्यांना काय द्यावे हे सुचत नाही, त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची एक लहान जुडी बांधावी, तिच्याबरोबर हा अर्थ लिहून द्यावा, आणि लग्नास अवश्य जावे. जोडप्यास आपली माणसे हवी असतात. एका वस्तूच्या संकोचापायी कोणीही घरी बसू नये.